तीन शहरांची कलाशाळा

महायुद्धातील पराभवाने खचलेल्या जर्मनीत, गटे आणि शिलर यांच्या वास्तव्याने कीर्ती पावलेल्या वायमार नगरीत, 1919 च्या एप्रिल महिन्यात वाल्टर ग्रोपिअस या वास्तुविशारदाने बाउहाउस नावाची कलाशाळा सुरू केली. चित्रकार आणि सुतार, शिल्पकार आणि विणकर यांनी एका छपराखाली, एकमेकांच्या पंक्तीस बसून काम करावे आणि सामान्य माणसाच्या घरातील खुर्ची, दिवा, किटली यांनाही कलेची प्रतिष्ठा लाभावी, हा तिचा संकल्प होता. तिची कीर्ती आपल्याकडेही लवकरच पोचली. 1922 च्या डिसेंबरात कलकत्त्यास भरलेल्या प्रदर्शनात तिचे अध्यापक क्ले, कान्डिन्स्की प्रभृतींची चित्रे बंगाली चित्रकारांच्या कृतींसह मांडली गेली होती. अशा या संस्थेचे आयुष्य अवघे चौदा वर्षांचे ठरले. ते कसे सरले, हे कलेशी ज्याचा ज्याचा म्हणून संबंध आहे त्या प्रत्येकाने बारकाईने पाहण्याजोगे आहे.

1924 च्या निवडणुकीनंतर थुरिंगिया प्रांताचा कारभार उजव्या पक्षांच्या हाती गेला. नव्या सरकारने शाळेवर ना जप्ती आणली, ना बंदीचे फर्मान काढले. अंदाजपत्रकातील तिची तरतूद निम्म्यावर आणली आणि अध्यापकांचे करारनामे संपुष्टात येत असल्याची नोटीस तेवढी दिली. दफ्तरातील या दोन कागदांनी जे साधले ते दंडुक्यानेही साधले नसते. शाळेच्या मित्रमंडळात आइन्स्टाइनसारखे जगद्विख्यात पुरुष होते. पण प्रांताच्या विधिमंडळात जगद्विख्यातांना मत नव्हते. संस्था तेव्हा तरली ती देसाउ या उद्योगनगरीचे उदारमतवादी नगराध्यक्ष फ्रित्झ हेस यांनी तिला सन्मानाने बोलावून घेतले म्हणून. तेथे नगरपालिकेच्या खर्चाने काचेच्या भव्य भिंतींची नवी इमारत उभी राहिली आणि 1926 च्या डिसेंबरात तिचे उद्घाटन झाले.

पुढे 1930 साली थुरिंगियात विल्हेल्म फ्रिक हा नाझी पक्षाचा पुढारी गृह आणि शिक्षण खात्यांचा मंत्री झाला. त्याच्या अमदानीत बाउहाउसचे चित्रकार ओस्कार श्लेमर यांनी शाळेच्या वायमारमधील जुन्या इमारतीत काढलेल्या भित्तिचित्रांवर रंग फासण्यात आला आणि तेथील संग्रहालयातून आधुनिक चित्रांची उचलबांगडी झाली. पुढे साऱ्या देशात जे घडणार होते त्याची ही रंगीत तालीम एका लहानशा प्रांतात उघड्यावर चालली होती.

देसाउमध्ये मात्र याच वर्षी एक निराळा मार्ग अवलंबिला गेला. हान्नेस मायर हे संचालक साम्यवादी विचारांचे आहेत, अशी ओरड झाली तेव्हा ज्या हेस यांनी शाळेला आश्रय दिला होता, त्यांनीच मायर यांना पदच्युत केले. त्यांच्या जागी आलेल्या मीस व्हान डर रोह यांनी विद्यार्थ्यांच्या राजकारणास मज्जाव केला आणि चळवळ्या विद्यार्थ्यांना काढून टाकले. शाळा राजकारणापासून अलिप्त दिसली म्हणजे तिच्यावरचा रोष मावळेल, अशी ही अटकळ होती. ती साफ खोटी ठरली. कारण विरोधकांचा राग शाळेच्या अस्तित्वावरच होता, आणि एकेका माणसाचा बळी देऊन अस्तित्वाचा गुन्हा माफ होत नसतो.

1931 च्या निवडणुकीत देसाउ नगरपालिकेच्या छत्तीसपैकी पंधरा जागा नाझींनी जिंकल्या. शाळा बंद करण्याचा त्यांचा पहिला ठराव फेटाळला गेला; परंतु 1932 च्या ऑगस्टमध्ये तोच विषय पुन्हा सभेपुढे आला तेव्हा ठरावाच्या बाजूने वीस आणि विरुद्ध पाच मते पडली. विरुद्ध मत देणारे म्हणजे चार साम्यवादी आणि स्वतः हेस. इतकी वर्षे शाळेच्या पाठीशी उभे असलेले सोशल डेमोक्रॅट सभासद तटस्थ राहिले. शत्रूने मारलेला वार इतिहासाला चकित करीत नाही. स्नेह्यांनी ऐन वेळी हात आखडता घेतला, ही नोंद वाचताना मन विषण्ण होते.

मीस यांनी बर्लिनच्या श्टेग्लित्झ भागातील टेलिफोनच्या एका रिकाम्या कारखान्यात शाळा खाजगी म्हणून चालविली. 11 एप्रिल 1933 रोजी पोलिसांनी झडती घेऊन इमारत मोहोरबंद केली. कान्डिन्स्की आणि हिल्बरसायमर या अध्यापकांना दूर करून सरकारमान्य माणसे घ्यावीत, अशा अटींवर परवानगी देऊ करणारे पत्र जुलैत निघाले. परंतु ते हाती पडण्यापूर्वीच अध्यापकांनी संस्था विसर्जित करण्याचा निर्णय घेतला होता. त्यानंतर हे गुरुजन देशोधडीस लागले आणि त्यांच्याबरोबर ती विद्याही जगभर गेली. ग्रोपिअस पुढे हार्वर्ड येथे शिकवू लागले तेव्हा त्यांच्या शिष्यांत कोकणातील आचऱ्याचे, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले अच्युत कानविंदे होते. कानपूरच्या तंत्रशिक्षणसंस्थेच्या वास्तूत त्या परंपरेचा अंश आजही दिसतो. पण विद्या जगली म्हणून संस्था बुडाल्याची हानी भरून आली, असे मानणे हा निर्दयपणा होईल. प्रत्येकालाच हार्वर्डचे निमंत्रण येत नाही.

2018 साली याच देसाउच्या बाउहाउस प्रतिष्ठानाने अतिउजव्या गटांच्या निदर्शनांच्या भयाने एका संगीतवृंदाचा कार्यक्रम रद्द केला, तेव्हा जर्मनीत त्यावर कठोर टीका झाली आणि अनेकांना 1932 सालची आठवण झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनमधील नाट्यगृहे, संग्रहालये आणि कलासंस्था यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या, आणि मागाहून देशभरच्या शेकडो संस्था त्यांत सामील झाल्या. त्यातील प्रतिज्ञेचा आशय असा, की आपल्यापैकी कोणावरही दडपण आले तर बाकीचे त्याच्या पाठीशी उभे राहतील.

देसाउच्या सभागृहात ज्या गोष्टीची उणीव पडली ती नेमकी हीच होती. कलेचे रक्षण कलेच्या गुणवत्तेने आपोआप होते, ही समजूत श्रद्धाळू असली तरी घातक आहे. संस्थेची तरतूद एका खजिन्यावर अवलंबून नसावी, तिच्या नियमावलीत अध्यापकांना आणि कलावंतांना कायद्याचे कवच असावे, गावातील सामान्य लोकांना ती आपली वाटावी, आणि शेजारच्या संस्थेवर पहिली नोटीस येते त्याच दिवशी इतरांनी आपला निषेध लेखी नोंदवावा, ही तजवीज मतदानाच्या आदल्या रात्री करता येत नाही; ती सुखाच्या काळातच करून ठेवावी लागते.