पचनक्रियेचा शोध : एका जखमेची कहाणी

पचनसंस्थेची आकृती आपल्या मुलांना पाठ असते. अन्न मुखातून अन्ननलिकेवाटे जठरात, तेथून लहान आतड्यात व शेवटी मोठ्या आतड्यात जाते, हे ती परीक्षेत अचूक लिहितात. परंतु जिवंत माणसाच्या जठरात काय चालते हे कसे कळले, हा इतिहास पाठ्यपुस्तकात क्वचितच येतो.

अठराव्या शतकात याविषयी विद्वानांत मोठा वाद होता. कोणी म्हणत, जठर जात्यासारखे अन्न दळते. कोणी म्हणत, अन्न तेथे शिजते. कोणाच्या मते ते कुजते. फ्रान्सच्या रेओम्यूरने १७५२ साली एका शिकारी पक्ष्याला मांस भरलेल्या धातूच्या नळ्या गिळावयास लावल्या. नळीत दळण होणे अशक्य; तरीही मांस विरघळले. पुढे इटलीच्या स्पालान्झानीने अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळून पाहिल्या. जठरात काही रस असावा, एवढे दिसून आले.

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर अपघाताने बंदूक उडाली आणि अगदी जवळ उभ्या असलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या डाव्या कुशीत छरे घुसले. कातड्यांच्या व्यापारातील तो एक गरीब नावाडी. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांना तो वाचेल असे वाटले नव्हते. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक बुजले नाही. डॉक्टरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले.

१ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मांस, पाव व कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून जठरात सोडले. तासाभराने कोबी व पाव निम्मे विरले होते, मांस मात्र जसेच्या तसे. दोन तासांनी उकडलेले मांसही नाहीसे झाले. जठरातील रस बाटलीत काढून शरीराइतका उबदार ठेवला असता त्यातही मांस विरघळले. जठररसात मिठाच्या तेजाबाचे अंश सापडले. मनुष्य संतापला की पचन बिघडते, हेही दिसले. दोनशेहून अधिक प्रयोगांचे पुस्तक १८३३ साली प्रसिद्ध झाले. पेप्सिन हा पाचक घटक श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३६ साली शोधला.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. प्रयोगांचा त्रास सेंट मार्टिनला सोसावा लागे. तो एकदा न सांगताच कॅनडास निघून गेला होता. १८३२ साली त्याच्याशी करार झाला : वर्षाला १५० डॉलर व राहणे-जेवणे. लिहिता येत नसल्याने त्याने सहीऐवजी फुली केली. त्याच्याच शरीरावरून लिहिलेला ग्रंथ त्याला वाचता येणारा नव्हता! १८८० साली तो वारला, तेव्हा डॉक्टरांच्या हाती देह पडू नये म्हणून कुटुंबीयांनी तो काही दिवस तसाच ठेवला व मग खोल खड्ड्यात पुरला.

बोमाँट यांची चिकाटी अनुकरणीय आहे, यात शंका नाही. परंतु आकृतीतील जठर रेखाटताना आपल्या मुलांनी त्या फुलीचीही आठवण ठेवावी. उद्या त्यांच्यातून डॉक्टर होतील. समोरचा रोगी गरीब व निरक्षर असला, तरी त्याला सर्व समजावून सांगून त्याची संमती घेणे हा त्यांच्या विद्येचाच भाग आहे. आणि आपल्या घरातील कोणावरही न वाचता फुली करण्याची पाळी येऊ नये, हे पाहणे आपणा पालकांचे काम आहे.