रॅमचा हिशोब

आमच्या नालवाडीत विनोबा १९३२ साली राहायला आले. निव्वळ सूतकताईच्या मजुरीवर जगून बघायचा प्रयोग त्यांनी इथेच केला. किती तास, किती सूत, किती पैसे... सगळा हिशोब! सर्व्हरच्या रॅमचा इतिहास वाचताना मला नेमकं तेच आठवतं.

२००० सालच्या पहिल्या डीडीआर रॅमला २.५ व्होल्ट लागत, २०२० च्या डीडीआर-५ ला १.१ पुरतात. वीज साधारण व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. म्हणजे नुसत्या व्होल्टच्या हिशोबाने खर्च पाचव्या हिश्शावर आला. वेग तर दसपटीहून जास्त वाढला. पुण्यात २०१३ साली सीडॅकने ‘परम युवा-२’ सुरू केला, तेव्हाही आधीच्या दसपट वेग आणि ३५ टक्के कमी वीज असंच सांगितलं होतं. अर्थात ते श्रेय एकट्या रॅमचं नव्हे.

मग बिल का घटत नाही? कारण वीज वाचली की आपण रॅम वाढवतो. आणि रॅम नुसती बसून असली तरी आतली माहिती टिकवायला दर काही मिलिसेकंदांनी ती ताजी करावी लागते, म्हणजे वीज खातेच.

म्हणून नवी रॅम घेण्याआधी मी एकच विचारतो, गरज किती? हा प्रश्न मात्र नालवाडीत जुनाच आहे.