सोळा मेगाबाइटचा संसार

घरातला किंवा शाळेच्या संगणक कक्षातला राउटर व्यवस्थित चाललेला असतो. कोणीतरी उत्साहाने त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या पोटात कायमची बसवलेली आज्ञावली, अद्ययावत करते. पहिला दिवस उत्तम जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाने हळू उघडू लागतात आणि मग काहीच उघडेनासे होते. दिवे मात्र लुकलुकतच असतात. पिन काढून पुन्हा लावली की सारे सुरळीत! दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. "नवीन फर्मवेअरच खराब" असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. हा निकाल कधीकधी बरोबरही असतो. पण पुष्कळदा खरे दुखणे राउटरच्या स्मृतीच्या हिशेबात असते.

हे दुखणे समजून घ्यायला एका विशिष्ट डब्याचा इतिहास फार उपयोगी पडतो. लिंक्सिस या अमेरिकन कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आणलेला, निळ्या-काळ्या रंगाचा, पाठीवर दोन अँटेना असलेला 'डब्ल्यूआरटी५४जी'. घरगुती राउटरला कोणते आजार होतात आणि ते कसे ओळखायचे, यातले बरेचसे ज्ञान सामान्य लोकांनी या डब्यावर प्रयोग करून मिळवले आहे.

आधी राउटर करतो काय ते पाहू. इंटरनेटवरचा पत्ता मुळात ३२ बिटांचा. त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि ते पुरणार नाहीत हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीसच दिसू लागले होते. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी आरएफसी १६३१ या दस्तऐवजात एक तात्पुरता उपाय मांडला. घराला बाहेरून पत्ता एकच द्यायचा आणि आतल्या यंत्रांची वाटणी दारातल्या यंत्राने करायची. वसतिगृहाच्या एकाच पत्त्यावर सगळ्या मुलांची पत्रे यावीत आणि अधीक्षकांनी वहीत पाहून कोणते पत्र कोणत्या खोलीत द्यायचे ते ठरवावे, तसा हा प्रकार. हा तात्पुरता उपाय तीस वर्षांनंतरही घरोघर चालू आहे! त्याच्या पोटात एक अट दडलेली आहे, ती ध्यानात ठेवायला हवी. अधीक्षकांना वही ठेवावीच लागते, आणि वहीला पाने मोजकीच असतात.

डब्ल्यूआरटी५४जी मध्ये ही वही ठेवायला जागा किती होती? कामकाजाची स्मृती, म्हणजे रॅम, १६ मेगाबाइट. फर्मवेअर ठेवण्याची फ्लॅश स्मृती ४ मेगाबाइट. त्या फ्लॅशच्याच एका कोपऱ्यात ३२ किलोबाइट जागा वापरकर्त्याने केलेल्या जुळणीसाठी (वायफायचे नाव, परवलीचा शब्द वगैरे) राखलेली; तिला एनव्हीरॅम म्हणतात. आज साध्या मोबाइलने काढलेली चार-पाच छायाचित्रे त्या रॅममध्ये कशीबशी मावतील. वर्गातल्या भाषेत सांगायचे तर फ्लॅश म्हणजे छापील पाठ्यपुस्तक, एनव्हीरॅम म्हणजे त्याच्या समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा आणि रॅम म्हणजे फळा. वीज गेली की फळा कोरा होतो, पुस्तक आणि खुणा राहतात. जोडण्यांची वही लिहिलेली असते ती फळ्यावर.

सिस्कोने २००३ मध्ये लिंक्सिस कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी लिनक्सच्या काही जाणकारांच्या लक्षात आले की या डब्याच्या आत लिनक्सच चालते आहे. लिनक्सचा परवाना असे सांगतो की ज्याला तुम्ही आज्ञावली द्याल त्याने मागितल्यास तिचा मूळ मजकूरही द्यायला हवा. मागणी झाली आणि कंपनीने तो मजकूर खुला केला. मग त्याच्या आधारे नवी फर्मवेअर निघू लागली. जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला, पाठोपाठ डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो आले. दुकानातून आणलेल्या वस्तूचे काळीज उघडून पाहण्याची मुभा घरगुती ग्राहकाला मिळाली, आणि तिच्याबरोबर डबा बिघडवून ठेवण्याचीही!

पहिला धडा समासातल्या खुणांनी शिकवला. फर्मवेअर बदलले तरी एनव्हीरॅम पुसली जात नाही. जुन्या आज्ञावलीने लिहून ठेवलेल्या नोंदी नवी आज्ञावली आपल्या अर्थाने वाचते. पुस्तकाची आवृत्ती बदलली, पण 'पान ४२ वरचे तिसरे उदाहरण सोडवा' ही खूण तशीच राहिली, तर काय होईल? यंत्र चालू होते, पण अधूनमधून विचित्र वागते. म्हणून फर्मवेअर बदलल्यावर जुळणी पूर्ण पुसून नव्याने हाताने भरावी, जुनी साठवलेली जुळणी उचलून परत घालू नये, हा नियम रूढ झाला. डीडी-डब्ल्यूआरटीच्या मंडळींनी त्यासाठी एक विधीच सांगितला होता. रीसेटचे बटण दाबून धरायचे ते वीज चालू असताना ३० सेकंद, बटण न सोडता वीज काढून ३० सेकंद आणि वीज परत देऊन आणखी ३० सेकंद. पुढे वेगळ्या बनावटीची यंत्रे आल्यावर हा विधी सरसकट करू नये असे त्यांनाच सांगावे लागले. नियमाचे कारण विसरले गेले की नियमाचा मंत्र होतो, तसेच थोडेसे झाले होते.

दुसरा धडा वहीचा आहे आणि तो आम्हाला सर्वांत रंजक वाटतो. लिनक्समध्ये या वहीचे काम पाहणाऱ्या भागाने किती नोंदी ठेवायच्या, हे यंत्राच्या रॅमवरून ठरवले जाई. त्या काळच्या सूत्रानुसार १६ मेगाबाइटच्या यंत्राला नोंदी येत १,०२४. दोघे-तिघे बातम्या वाचत आहेत, कोणी टपाल पाहत आहे, एवढ्याला त्या भरपूर होत्या. पण २००३-०४ च्या सुमारास बिटटॉरेंटसारखी फायलींची देवाणघेवाण करणारी साधने पसरली. त्यांची रीतच अशी की एकाच वेळी शेकडो अनोळखी संगणकांशी जोडणी करायची, बरेच जण उत्तर देत नाहीत म्हणून ती सोडून द्यायची आणि नव्यांशी करायची. हे साधन रात्रभर चालू ठेवले की सकाळी राउटर निपचित. नोंदी तपासल्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसे: वही भरली, पाकीट टाकून दिले.

पण सोडून दिलेल्या जोडण्यांच्या नोंदी पुसल्या का जात नव्हत्या? इथे खरी मेख आहे. दोन संगणकांनी रीतसर निरोप घेतला तर मधल्या राउटरला ते कळते. एकाने मधेच वीज बंद केली तर मात्र राउटरला काहीच कळत नाही, कारण टीसीपी जोडणीवर तासन् तास शांतता असणे पूर्णपणे नियमानुसार आहे. शांत आहे की मेली आहे, हे दारातल्याने ओळखावे कसे? वाट पाहून. लिनक्सने ही वाट पाहण्याची मुदत ठेवली होती ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस! मोठ्या संगणकासाठी ही सावधगिरी ठीक होती. १,०२४ ओळींच्या वहीत पाच-पाच दिवस मेलेल्यांची नावे ठेवली की जिवंतांना जागा उरत नाही. नव्या फर्मवेअरनंतर बिघाड लगेच न दिसता दोन-तीन दिवसांनी का दिसे, याचा उलगडा इथे होतो.

लोकांनी प्रथम सुचेल तो उपाय केला. नोंदींची मर्यादा वाढवून ४,०९६ केली. एका नोंदीला तेव्हा साधारण साडेतीनशे बाइट लागत. म्हणजे १,०२४ नोंदींना साडेतीनशे किलोबाइट आणि ४,०९६ नोंदींना जवळजवळ दीड मेगाबाइट. आधीच भरत आलेल्या १६ मेगाबाइटमधून दीड मेगाबाइट काढणे म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात घालणे. वही भरायची थांबली, पण फळाच भरू लागला. योग्य उपाय मुदत कमी करण्याचा होता. तीही फार कमी केली तर शांत पण जिवंत जोडण्या तुटतात. २००८ मध्ये आरएफसी ५३८२ ने ही खालची मर्यादा तर्काने ठरवली. 'मी अजून आहे' असा संदेश टीसीपी साधारणपणे दोन तासांनी पाठवते. त्यात चार मिनिटांची सवलत मिळवून किमान २ तास ४ मिनिटे. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये पुढे ७,४४० हा आकडा आला, तो हाच. सेकंदांची मिनिटे करून विद्यार्थ्यांनी ताळा घ्यावा.

दरम्यान कंपनीने वेगळीच गोष्ट केली होती. २००५ च्या अखेरीस आलेल्या पाचव्या आवृत्तीत बाहेरचा डबा तोच, नाव तेच, पण रॅम ८ मेगाबाइट आणि फ्लॅश २ मेगाबाइट. लिनक्स काढून कमी जागेत मावणारी व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली बसवली. खर्च वाचतो हे उघड आहे; पण खोक्यावरचे नाव न बदलता आतला ऐवज अर्धा करणे आम्हाला तरी सचोटीचे वाटत नाही. डब्याच्या तळाशी चिकटवलेली आवृत्तीची पट्टी वाचल्याखेरीज फर्मवेअर घालू नये, ही सवय लोकांना तेव्हा लागली. जुन्या क्षमतेचे यंत्र कंपनीने 'जीएल' या नावाने वेगळे विकायला काढले आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ विकले गेले. पाचव्या आवृत्तीच्या २ मेगाबाइटमध्येही छाटलेले लिनक्स बसवण्याची युक्ती २००६ मध्ये निघाली, हे सांगायलाच हवे.

व्हीएक्सवर्क्सचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. हीच प्रणाली मंगळावर उतरलेल्या स्पिरिट गाडीत होती. जानेवारी २००४ मध्ये, उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आत, ती गाडी सारखी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागली. तिची फ्लॅश २५६ मेगाबाइटची होती, पण तीत प्रवासापासून साठत गेलेल्या फायलींची यादी सुरू होताना रॅममध्ये मावेना. फ्लॅशला हात न लावता गाडी सुरू करून, नको त्या फायली पुसून, पृथ्वीवरून तो बिघाड दुरुस्त केला गेला. दिवे लागलेले, पण सुरू होताच पुन्हा बंद पडणारा राउटर पाहून घाबरण्याचे कारण नाही, ते यासाठी. दुखणे त्याच जातीचे असू शकते.

तिसरा धडा हळूहळू उलगडला. लिनक्स दरवर्षी वाढत गेले आणि डब्यातली स्मृती होती तेवढीच राहिली. जागा पुरावी म्हणून फ्लॅशमधली आज्ञावली दाबून, संकुचित करून ठेवतात आणि लागेल तो भाग रॅममध्ये उलगडतात. रॅम भरली की उलगडलेला भाग टाकून द्यायचा, लागला की पुन्हा उलगडायचा. ही ये-जा वाढली की प्रोसेसर त्यातच गुंततो आणि यंत्र बंद न पडता कमालीचे मंद होते. त्याहून तंगी आली तर लिनक्स एखादे चालू काम मारून जागा मोकळी करते. वायफाय सांभाळणारे काम बळी गेले, तर तारेने जोडलेला संगणक चालतो आणि मोबाइल मात्र जोडला जात नाही. दोन्ही लक्षणे वेगळी दिसली तरी कारण एकच. यातली सर्वांत अडचणीची बाब म्हणजे राउटर आपली रोजनिशीही रॅममध्येच लिहितो. पिन काढली की यंत्र सुधारते, पण पुरावा पुसला जातो. म्हणून आधी रोजनिशी शेजारच्या संगणकाकडे पाठवण्याची सोय करावी, आणि मोकळी रॅम रोज ठरल्या वेळी वाचून आलेख काढावा. रेषा रोज थोडी उतरत असेल तर एखादी आज्ञावली जागा घेऊन परत करत नाही. मधल्या सुट्टीत मोबाइल जोडले गेल्यावरच घसरत असेल तर तो भार आहे. रेषा सपाट असूनही यंत्र बंद पडत असेल तर फर्मवेअरला दोष देणे सोडून ॲडॉप्टर आणि उष्णता तपासावी. दहा वर्षांचा ॲडॉप्टर नेमका फर्मवेअर बदलल्याच्या आठवड्यात थकू शकतो.

मग जुन्याच फर्मवेअरवर का राहू नये? मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घुसखोर किमान पाच लाख घरगुती आणि छोट्या कार्यालयांच्या यंत्रांत सापडला. लिंक्सिसची काही यंत्रेही त्यांत होती. अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद करून सुरू करण्याचे आवाहन केले, कारण त्याचे घातक भाग रॅममध्ये राहत. फळा पुसला की ते जात. पहिला भाग मात्र फ्लॅशमध्ये मूळ धरून बसे. जुनी आज्ञावली मावते पण तिच्यातली भोके बुजत नाहीत, नवी भोके बुजवते पण मावत नाही, अशा पेचात जुनी यंत्रे सापडली. १६ मेगाबाइटच्या यंत्रांनी आधीच्याच आवृत्तीचा विचार करावा असे ओपनडब्ल्यूआरटीने २०१३ च्या आवृत्तीबरोबर सांगितले होते. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅमच्या यंत्रांसाठी शेवटचे अधिकृत फर्मवेअर १९.०७ या मालिकेतले. तिची अखेरची आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये निघाली.

काही हौशी लोक त्यावरही थांबले नाहीत. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर७०३एन या काड्यापेटीहून थोड्या मोठ्या राउटरची ३२ मेगाबाइटची रॅम उखडून त्यांनी ६४ ची बसवली, आणि ४ च्या फ्लॅशच्या जागी १६ ची. त्यात एकच गोष्ट जपावी लागते. जुन्या फ्लॅशच्या शेवटच्या ६४ किलोबाइटमध्ये त्या एका नगाच्या वायफायची कारखान्यात मोजलेली मापे असतात. चिप काढण्यापूर्वी ती उतरवून घ्यावी लागतात, कारण दुसऱ्या डब्याची मापे त्याला चालत नाहीत.