सिटी हॉल स्थानकाच्या कमानींचे कूळ

न्यूयॉर्क शहराच्या महापालिका-भवनासमोर जे उद्यान आहे, त्याच्या पोटात एक भुयारी रेल्वे स्थानक आहे. ३१ डिसेंबर १९४५ या दिवशी ते उतारूंसाठी कायमचे बंद झाले. तरीही भुयारी रेल्वेच्या वास्तुपरंपरेत इतके देखणे स्थानक विरळाच, असे माझे स्पष्ट मत आहे. सिटी हॉल हे त्याचे नाव. त्याच्या सौंदर्याचे मूळ शोधू लागलो, की एक वाट नगरपालिकेच्या दप्तरातील करारनाम्याकडे जाते आणि दुसरी थेट भूमध्य समुद्राकाठच्या गवंड्यांकडे.

प्रथम करारनाम्याची वाट धरू. २४ मार्च १९०० रोजी याच महापालिका-भवनापुढे भुयारी रेल्वेच्या कामाची पहिली कुदळ मारली गेली. बांधकामाचा मक्ता जॉन मॅकडॉनल्ड यांच्याकडे होता, भांडवल उभारले ऑगस्ट बेलमाँट यांनी आणि मुख्य अभियंता होते विल्यम बार्कले पार्सन्स. मक्त्याचे दस्तऐवज म्हटले म्हणजे रक्कम, मुदत आणि दंड यांची रुक्ष जंत्री असावयाची; परंतु या दस्तऐवजात एक कलम असे घातले गेले की, ही रेल्वे एक महान सार्वजनिक कार्य असल्यामुळे तिचा जो जो भाग लोकांच्या दृष्टीस पडेल, तो तो उपयुक्ततेइतकाच सौंदर्याचा विचार करून रचला आणि राखला जावा. सामान्य माणसाने पाच सेंटांचे तिकीट काढून ज्या जिन्याने खाली उतरावयाचे, तो जिनाही सुंदर असला पाहिजे, हे जेथे कायद्याच्या भाषेत बंधनकारक केले जाते, तेथील नागरजीवनाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. या कलमाला अनुसरून स्थानकांच्या सजावटीची कामगिरी हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांच्या जोडीकडे आली. सेंट जॉन द डिव्हाइन या प्रचंड कॅथीड्रलचा मूळ आराखडाही त्यांचाच.

बहुतेक स्थानकांत त्यांच्या कल्पनेला फारसा वाव नव्हता. रस्ता उकरून चर खणावयाचा, त्यात पोलादी खांब व तुळया उभारावयाच्या आणि वरून पुन्हा रस्ता घालावयाचा, अशी ती रचना असल्यामुळे छत सपाट आणि फलाट सरळ. सजावट काय ती भिंतींवरच्या लाद्यांची आणि नक्षीची. सिटी हॉलची गोष्ट निराळी होती. प्रत्येक थांब्यावर थांबणाऱ्या गाड्या येथे येऊन उलट फिरत. आणि चालकाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न जाता गाडी परत पाठवावयाची तर रुळांना पूर्ण वळसा देणे हाच सोपा मार्ग असल्याने, उद्यानाखालून एक फास काढण्यात आला आणि त्या वळशावरच एकुलता एक फलाट बसविण्यात आला. म्हणून या स्थानकात सरळ रेषा जवळजवळ नाहीच. उद्यानातून खाली आले की प्रथम घुमटाकार छताचा तिकीटघराचा चौक लागतो. तेथून एका कमानीखालून पायऱ्या उतरल्या की समोर फलाट चंद्रकोरीसारखा वळत जातो, आणि त्याच्यावर एकामागून एक कमानी अशा उभ्या आहेत की मध्ये एकही खांब दृष्टीला अडवीत नाही.

या कमानींचे कूळ पाहावयाचे तर स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर जावे लागते. पातळ भाजलेल्या विटा उभ्या न लावता सपाट, काठाला काठ भिडवून बसवावयाच्या. पहिला थर झटपट घट्ट होणाऱ्या जिप्समच्या लेपात जोडावयाचा, म्हणजे प्रत्येक वीट क्षणभर हाताने धरली की जागच्या जागी टिकते आणि खालून जड लाकडी सांगाड्याचा आधार द्यावा लागत नाही. मग त्या थरावर दुसरा आणि तिसरा थर, सांध्यावर सांधा येणार नाही अशा बेताने, चढवावयाचा, अशी ती पद्धत आहे. १३८२ साली अरागॉनचा राजा पेरे चौथा याने व्हॅलेन्सियात हे काम पाहून, ते हलके आणि अल्पखर्चिक असल्याने आपल्या सारागोसाच्या माणसांनीही शिकून घ्यावे, असे आपल्या अधिकाऱ्याला लिहून कळविले होते. पुढे शतकानुशतके कॅटलोनियातील गवंडी ही विद्या बापाकडून मुलाकडे देत आले.

ही विद्या अमेरिकेत नेणारा राफाएल गुआस्ताव्हिनो हा १८४२ साली व्हॅलेन्सियात जन्मलेला आणि बार्सिलोनात नाव कमावलेला स्थपती. १८८१ साली तो धाकट्या मुलाला घेऊन अमेरिकेत आला. शिकागो १८७१ साली आणि बॉस्टन १८७२ साली आगीने होरपळून निघालेले असल्यामुळे न जळणाऱ्या छताची तेथे निकड होती. गुआस्ताव्हिनोने नेमकी हीच नस पकडली. परंपरेतील जिप्समच्या पहिल्या थरावरचे पुढचे थर त्याने पोर्टलंड सिमेंटमध्ये बसविले, १८८५ पासून या बांधणीची पेटंटे घेतली आणि बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कमानींनी कीर्ती मिळविली. गावठी म्हणून जी विद्या विद्वानांनी दुर्लक्षिली होती, तिला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे त्याचे कार्य मला फार मोठे वाटते.

हाइन्स व लाफार्ज यांनी हीच बांधणी सिटी हॉलसाठी निवडली. फिकट दुधी रंगाच्या लाद्या, त्यांच्या कडांना हिरवी व तपकिरी झिलईदार किनार, पितळी झुंबरे, आणि उद्यानाच्या जमिनीत बसविलेल्या शिशाच्या जोडकामाच्या काचांतून झिरपणारा दिवसाचा उजेड, असा तो थाट होता. भिंतीवरील स्मृतिपट गट्झन बोरग्लम या शिल्पकाराने घडविला. माउंट रशमोरवरील अध्यक्षांचे चेहरे पुढे त्यानेच कोरले. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी याच स्थानकातून पहिली गाडी निघाली. महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांनी चांदीची मूठ हाती घेऊन स्वतः ती हाकली, आणि ठरल्याप्रमाणे लवकर सोडून न देता १०३व्या रस्त्यापर्यंत नेली.

ज्या वळशाने या वास्तूला रूप दिले, त्यानेच तिचे आयुष्य संपविले. पुढे गाड्या लांबल्या आणि डब्यांना मध्यभागी दारे आली. सरळ डबा वक्र फलाटाशी उभा राहिला की टोके जवळ आणि मध्य दूर राहतो. त्यामुळे नेमके मधल्या दारापुढे धोक्याचे अंतर पडू लागले. वळसा मोडून रुंद करणे शक्य नव्हते. शिवाय जलद गाड्या मिळण्याचे ब्रुकलिन ब्रिज स्थानक हाकेच्या अंतरावर असल्याने येथे रोज जेमतेम ६०० उतारू येत. युद्धकाळात दिवेबंदीसाठी काचांवर डांबर फासले गेले होतेच. युद्ध संपल्यावर त्याच वर्षाअखेर टाळे लागले.

१९७९ साली नगरपालिकेने या स्थानकाच्या अंतर्भागाला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम आपल्या सभासदांना ते हिंडून दाखविते. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी सहा क्रमांकाच्या गाडीने ब्रुकलिन ब्रिजला पोहोचल्यावर उतरण्याची घाई करू नये. परतीसाठी ती गाडी आजही याच फासातून फिरते; खिडकीशी बसून काही क्षण का होईना, त्या कमानी अवश्य पाहाव्यात.