ल्युसीना प्रजातीतील गुणसूत्रभिन्नता
मूळच्या मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ल्युसीना या शेंगावर्गीय वृक्षप्रजातीत द्विगुणित (दोन गुणसूत्रसंचांच्या) जातींची गुणसूत्रे ५२ किंवा ५६, तर सुबाभूळ (ल्युसीना ल्युकोसेफाला) आदी चतुर्गुणित (चार संचांच्या) जातींची १०४ असतात. सुबाभूळ दोन भिन्न जातींच्या संकरातून आणि गुणसूत्रसंच दुप्पट होऊन निर्माण झाली. खाद्य शेंगांसाठी माणसाने निरनिराळ्या जाती परसात एकत्र लावल्याने अशा संकरांना वाव मिळाला असावा. जीनोमचा आकारही गुणसूत्रसंचांच्या संख्येनुसार वाढतो. मात्र पुनरावृत्त डीएनएच्या कमी-अधिक प्रमाणामुळे समान गुणसूत्रसंख्येच्या जातींतही तो वेगळा असू शकतो. गुणसूत्रसंख्येतील फरकाचा व्यावहारिक उपयोग उल्लेखनीय आहे : चतुर्गुणित सुबाभूळ व द्विगुणित ल्युसीना एस्क्युलेंटा यांच्या संकरातील ७८ गुणसूत्रांचे त्रिगुणित वृक्ष जवळजवळ वंध्य असतात. त्यामुळे सुबाभळीचा मोठा दोष, म्हणजे तणासारखा अनिर्बंध बीजप्रसार, त्यांच्यात आढळत नाही.