गावचे दप्तर आणि घरचे दार

१८७५ च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातले कुणबी सावकारांच्या दारी जमले, तेव्हा त्यांनी मागितले ते कागद. धान्याची पेवे होती, दागिन्यांच्या पेट्या होत्या. परंतु बहुतेक गावी जमावाने पहिली मागणी केली ती कर्जखतांची आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांची. ते हाती आले की चव्हाट्यावर जाळावयाचे आणि आपापल्या घरी जावयाचे. सावकाराने मुकाट्याने कागद दिले तर पुष्कळदा त्याच्या अंगाला बोटही लागले नाही. नकार दिला तर मात्र वैरणीच्या गंजी पेटल्या आणि मारहाणही झाली.

या प्रकरणाचा आरंभ घोड नदीच्या पलीकडे, शिरूर तालुक्यातील कर्डे गावी, १८७४ च्या डिसेंबरात झाला. तेथील देशमुखांवर एका सावकाराने हुकूमनामा मिळवून त्यांच्या घरावर हात घातला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हाव्याने हजामत करू नये, पाणक्याने पाणी भरू नये, मजुराने शेतावर जाऊ नये, असे ठरले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि तेथून वारे नगरकडे फिरले. पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांतील गावे पेटली. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदले गेले.

ज्यास अक्षर वाचता येत नाही त्याने कागदावर एवढा राग का धरावा? उत्तर त्या कागदाच्या तळाशी होते. तेथे कुणब्याची सही नसे. ‘निशाणी नांगर’ असे लिहून नांगराचे चित्र काढलेले असे. वर काय लिहिले आहे ते लिहिणाऱ्यास माहीत, घेणाऱ्यास माहीत. ज्याच्या जमिनीचा तो सौदा त्यास मात्र कोणी वाचून दाखवील तेवढेच माहीत. आपल्याविषयी काही लिहिले गेले आहे, ते आपणांस पाहता येत नाही आणि तरीही ते आपल्यावर बांधील आहे, ही जी घुसमट, तिच्यातून तो जाळ निघाला, असे आमचे मत आहे. व्याजाचा दर, कापसाचे पडलेले भाव, सरकारने वाढविलेला सारा ही कारणे चौकशी आयोगाने आणि नंतरच्या अभ्यासकांनी सांगितली आहेत आणि ती खरीच आहेत. परंतु जळाले ते कागद, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पलीकडचे काही सांगते.

सरकारलाही ते उमगले असावे. १८७९ साली दख्खन शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा जो कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी झाला, त्यात व्याजाचा हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळालाच; शिवाय शेतकऱ्याने करावयाचे खत ग्राम-निबंधकापुढे लिहिले जावे, पैसे फेडल्याची पावती मिळावी आणि मागितल्यास सावकाराने वर्षाचा हिशेब लिहून द्यावा अशी कलमे आली. हिशेब मागण्याचा हक्क या मुलखात कायद्याच्या पुस्तकात शिरला तो असा, गंज्यांच्या उजेडात. व्यवहारात तो किती उतरला हा निराळा प्रश्न. सावकाराच्या ओसरीवर बसून त्यालाच हिशेब मागण्याचे धैर्य कायद्याने येत नसते.

सावकाराची वही हे एक दप्तर. दुसरे कुलकर्ण्याचे. वतनी कुलकर्णी हा गावचा लेखणीधारी. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, हे सर्व त्याच्या रुमालात बांधलेले. कुलकर्णी सारेच लबाड होते असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे इतिहासास सोडून होईल. परंतु लिहिणारा एकटा आणि तपासणारा कोणी नाही, अशी व्यवस्था चांगल्या माणसालाही बिघडविते. या दप्तरशाहीवर नगर जिल्ह्यातूनच एक आसूड उठला. नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी साप्ताहिक चालविले. १९१० साली ते सुरू झाले आणि १९६७ साली मुकुंदराव निवर्तले तोपर्यंत त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. कुलकर्ण्यांच्या लीलांवर त्यांनी पोथीच्या थाटात ‘कुलकर्णी लीलामृत’ रचले, तेव्हा ज्यांच्यावर ते होते त्यांना झोंबले आणि ज्यांच्यासाठी ते होते त्यांच्या तोंडी ते बसले.

वृत्तपत्रे त्या काळी पुण्यामुंबईस निघत आणि खेड्यात शिळी होऊन येत. छापखान्याचे यंत्र खेड्यात आणावे, खिळे जुळवावे आणि खेड्याने खेड्याविषयी छापावे, ही कल्पनाच १९१० साली अचाट होती. यंत्राविषयी खेडूत नेहमी साशंक असतो असे म्हणणाऱ्यांनी तरवडीकडे पाहावे. यंत्राविषयी त्याची शंका एकच असते : याची मूठ कोणाच्या हाती? मूठ आपल्या हाती येते असे दिसले की तो यंत्र आनंदाने स्वीकारतो.

कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. रुमाल बदलला, गाठ तीच राहिली. आम्ही स्वतः एकदा एका कचेरीत वडिलोपार्जित जमिनीच्या फेरफाराची नक्कल मागण्यास गेलो असता साहेब फिरतीवर आहेत हे उत्तर चार वेळा ऐकून परतलो. पाचव्या वेळी साहेब भेटले आणि दप्तर फिरतीवर गेले होते. हा अनुभव सांगण्याजोगा नाही, कारण तो प्रत्येकास आलेला आहे.

आता थोडे वळण घेऊन नगरच्या भुईकोट किल्ल्यात जाऊ. दप्तर उघडे असावे हे एक. पण दुसऱ्या बाजूस माणसाचे असे काही असते की जे बंद असावे, आणि त्याचीही साक्ष याच शहरात आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना सरकारने या किल्ल्यात आणून ठेवले. त्यांत जवाहरलाल नेहरू होते, वल्लभभाई होते, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव होते, आणि आपले शंकरराव देवही होते. त्यांना कोठे नेले हेदेखील आरंभी जाहीर केले नव्हते. नेहरूंनी १९४४ साली येथे भारताच्या शोधाचा मोठा ग्रंथ लिहिला, हे शाळेतील मूलही सांगते. आझादांनी केले ते निराळे. त्यांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खाँ शेरवानी यांना उर्दूत पत्रे लिहिली आणि ती टाकली नाहीत, कारण टाकण्याची सोयच नव्हती. चहाविषयी, चिमण्यांविषयी, आणि १९४३ च्या एप्रिलात कलकत्त्यास पत्नी गेली तेव्हाच्या मनःस्थितीविषयी ती पत्रे आहेत. १९४६ साली ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूपाने आली. पत्नी अत्यवस्थ असताना सरकारकडे काही मागणे करावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले होते. कैद्याचे पत्र सरकारी नजरेखालून जावयाचे. ज्याला मन मोकळे करावयाचे आहे आणि ते परक्याच्या हाती पडू द्यावयाचे नाही, त्याने पत्र लिहावे आणि ते पाठवू नये, एवढीच वाट तेथे उरली होती.

आपले दप्तर बंद ठेवणारी सत्ता आणि लोकांची पत्रे उघडणारी सत्ता एकच असते, हे येथे लक्षात घ्यावयाचे.

दप्तराच्या कथेचा पुढचा अध्याय पारनेर तालुक्यात घडला, हा योगायोग आम्हांस मोठा सूचक वाटतो. ज्या तालुक्याने १८७५ साली कागद जाळले, त्याच तालुक्यातील राळेगणसिद्धीहून सव्वाशे वर्षांनी मागणी निघाली ती कागदाच्या नकलेची. अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणे केली, दौरे केले. महाराष्ट्राचा २००० सालचा कायदा लुळा होता. त्याच्या जागी २००२ च्या सप्टेंबरात अध्यादेश आला आणि १० ऑगस्ट २००३ रोजी, आझाद मैदानावर उपोषण चालू असताना, नव्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. हे श्रेय एकट्या राळेगणचे नव्हे. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून भर चौकात हजेरीपट मोठ्याने वाचून दाखविले होते आणि मेलेल्या माणसांच्या नावे निघालेली मजुरी उघडी केली होती. त्याहीपूर्वी, १७६६ साली, स्वीडनने सरकारी कागद नागरिकास पाहू देण्याचा कायदा केला होता. परंतु दहा रुपये भरून, साध्या कागदावर अर्ज लिहून, तीस दिवसांत उत्तर मागण्याची जी सवय नगरच्या बाजारगावांना लागली, तिच्यामागे पारनेरचा आवाज होता. २००६ साली सरकारने फायलींवरील शेरे या कायद्यातून वगळण्याचे मनात आणले तेव्हा हजारे पुन्हा, आळंदीस, उपोषणास बसले आणि तो बेत मागे पडला.

याच राळेगणविषयी एक अप्रिय गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दारूबंदीच्या काळात या गावात पिऊन आलेल्या माणसास खांबास बांधून फटके दिले जात. हे खुद्द हजारे यांनीच सांगितलेले आहे. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांतील बायका याविषयी काय म्हणत असतील याची आम्हांस कल्पना आहे, आणि त्यांच्यापुढे आम्ही तोंड उघडणार नाही. तथापि सत्तेचे दप्तर उघडावयास शिकलेले गाव माणसाच्या दारातही शिरते, आणि शिरताना थांबावे कोठे हे त्यास दर वेळी कळतेच असे नाही. ग्रामसभा ही चांगली गोष्ट. ग्रामसभेचे डोळे सर्वत्र, ही चांगली गोष्ट नव्हे.

यापेक्षा नगर तालुक्यातील हिवरे बाजारची रीत आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. पोपटराव पवारांच्या सरपंचपदापासून तेथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी मोजावयाची, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी बाजूस काढावयाचे, आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवावयाचे. येथे उघडा होतो तो गावाचा साठा. कोणाच्या घरची चूल नव्हे.

उलटपक्षी, जिल्ह्यातील सर्वांत जाड वह्या अजूनही अर्धवटच उघड्या आहेत. १९५० साली प्रवरानगरास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हापासून हा सहकाराचा जिल्हा. उसाच्या गाडीचे वजन बरोबर झाले की नाही, या प्रश्नावर येथील शेतकऱ्याचे मत विचारून पाहावे. राजकारणावरील त्याची सारी मते त्या वजनकाट्याशी येऊन पोचतात. आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात निर्णय दिला की सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालत नसलेल्या सहकारी संस्था माहितीच्या कायद्याखालील ‘सार्वजनिक प्राधिकरण’ होत नाहीत. सभासदाने अहवाल मागावा, सभेत प्रश्न विचारावा. काट्यावर उभ्या असलेल्या माणसास हे सांगणे सोपे आहे.

यंत्रयुगाने दप्तराची गाठ काही अंशी सोडविली, हे मान्य केलेच पाहिजे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या शेतातील पीक स्वतःच मोबाईलवर नोंदवू लागला. ज्याच्या आजोबाने नांगराची निशाणी केली तो आता पीकपाहणी स्वतः लिहितो, ही क्रांती आहे. मग बांधावर नेटवर्क मिळत नाही म्हणून त्याने कितीही शिव्या दिल्या तरी! मात्र लिहिण्याचा अधिकार त्यास मिळाला तसा त्याच्याविषयीचा मजकूरही वाढला. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिली आधारपत्रे दिली गेली, तेव्हापासून बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळेही दप्तरात गेली. निशाणी नांगराची जागा अंगठ्याने पुन्हा घेतली आहे आणि वर काय लिहिले आहे हे पुन्हा वाचता येत नाही, असे कोणी म्हटले तर आम्ही त्यास वेडा म्हणणार नाही.

नेवासे तालुक्यातच शनिशिंगणापूर आहे. त्या गावाच्या घरांना चौकटी आहेत, पण दारे-कुलुपे लावावयाची नाहीत अशी परंपरा. २०११ साली एका बँकेनेही तेथे बिनकुलपाची शाखा काढली. बाहेरचे लोक हे नवल पाहून म्हणतात की येथे कोणास काही लपवावयाचे नाही. ही समजूत अगदी चुकीची आहे. दाराऐवजी पडदा लावतात, हाक मारल्याखेरीज कोणी आत जात नाही. फळी नसली तरी उंबरा असतो. बुबुळे मागणाऱ्याला हाक मारण्याची ही रीत कोणी शिकविली पाहिजे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आम्हांस आनंद झाला. किल्ल्यातील त्या न टाकलेल्या पत्रांची आठवण झाली. या हक्कासाठी २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच्या पोटात एक छोटे कलम होते. माहितीच्या कायद्यातील आठव्या कलमाचा (ञ) हा भाग त्याने बदलला. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारावयाची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कोणाच्या खाजगी जीवनात विनाकारण घुसखोरी होते, असे दाखवावे लागे. आणि व्यापक लोकहित असेल तर तीही द्यावी लागे. जी माहिती विधिमंडळास नाकारता येत नाही ती नागरिकासही नाकारू नये, असेही तेथे म्हटले होते. आता तेथे उरले आहे ते एवढेच की व्यक्तिगत माहिती देणे बंधनकारक नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात हा बदल अमलात आला.

हजेरीपटावर नावे असतात. घरकुलाच्या यादीत नावे असतात. ठेकेदाराच्या बिलावर नाव असते. नाव म्हणजे व्यक्ती, आणि व्यक्तीची माहिती म्हणजे व्यक्तिगत माहिती, असे उत्तर देणारा कारकून निपजणे काही कठीण नाही. उंबऱ्याचा मान राखण्यासाठी जे बोलावणे होते ते कचेरीच्या दारास कुलूप म्हणून लावले जाणे शक्य आहे. विधवेच्या आजाराची नोंद आणि अधिकाऱ्याने मंजूर केलेले बिल या दोहोंना एकच पडदा घालणे हा खाजगीपणाचा सन्मान नव्हे.

आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातील तहसील कचेऱ्यांपुढे झाडाखाली अर्ज लिहून देणारे लोक बसतात. त्यांच्यासाठी एवढे येथे नोंदवून ठेवतो की त्याच आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम अजून शाबूत आहे. माहिती न दिल्याने होणाऱ्या लाभापेक्षा ती दिल्याने होणारे लोकहित मोठे असेल तर, सूट असूनही, ती देता येते असे ते सांगते. अर्ज लिहिताना लोकहित कोणते, हे दोन ओळींत स्पष्ट लिहावे आणि पोटकलमाचा आकडा घालावा. अर्जाची एक प्रत शिक्का मारून आपल्याजवळ ठेवावी.