‘करंज’ची गस्त

१/ उरणजवळच्या करंजा बेटाचे नाव धारण करणारी ‘आयएनएस करंज’ ही पाणबुडी ४ सप्टेंबर १९६९ रोजी सोव्हिएत संघातील रिगा येथे भारतीय नौदलात दाखल झाली.

२/ ‘फॉक्सट्रॉट’ वर्गाची ही पाणबुडी सुमारे ९१ मीटर लांब होती. पाणतीर सोडण्यासाठी तिला पुढे ६ आणि मागे ४ नळ्या होत्या. पाण्याखाली ती बॅटऱ्यांवर चाले. बॅटऱ्या भारण्यासाठी डिझेल इंजिने लागत आणि इंजिनांना हवा. म्हणून पृष्ठभागाजवळ येणे अटळ होते. शत्रूला सापडण्याचा धोकाही तिथेच.

३/ १९७१ च्या युद्धात कमांडर विजयसिंह शेखावत यांच्या नेतृत्वाखाली ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. लक्ष्याची निःसंशय ओळख पटल्याखेरीज मारा करायचा नाही, असा दंडक होता. व्यापारी जहाजांच्या वर्दळीत ही ओळख पटवायची, तर पेरिस्कोपच्या टप्प्यात जावे लागे.

४/ ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने दीवजवळ ‘खुकरी’ बुडवली. १९४ जणांना वीरमरण आले. भारतीय पाणबुड्यांच्या खात्यावर मात्र एकही जहाज नाही. म्हणून त्यांची गस्त व्यर्थ ठरते का? शेखावत यांना मिळालेले वीरचक्र त्याचे उत्तर देते. शस्त्र हाती असताना संयम राखणे, हेही युद्धकर्तव्यच.

५/ १० मार्च २०२१ रोजी माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘करंज’ मुंबईत नौदलात दाखल झाली. प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख ॲडमिरल शेखावत.